‘मुसा’ हें नांव कीं उपपद? : एका फरासीस शब्दाच्या वाचनाची चिकित्सा

पेशवाईच्या उत्तरकाळांतील कागदपत्रांत निजामाच्या पदरच्या फरासीस सेनानायकांचा उल्लेख आला, कीं त्यांच्या नांवामागें ‘मुसा’ हा शब्द लागलेला आढळतो. बुसी हा ‘मुसाबुसी’ होतो, आणि चाळीस वर्षांनंतरचा रेमंड हा ‘मुसा रेमू’ अशा रूपानें भेटतो. हा शब्द मूळचा कोठला, मराठींत तो कोणत्या अर्थानें चालला, आणि आज तो वाचतांना कोणते प्रमाद घडतात, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. विषय एका दोन-अक्षरी शब्दाचा आहे खरा. परंतु त्याच्या वाचनावर मनुष्याचा धर्म, त्याचें कूळ आणि त्याचा दर्जा या तिहींविषयींचे निर्णय अवलंबून राहतात. म्हणून तो क्षुल्लक समजून सोडून देणें योग्य नाहीं.

आम्ही हें सोलापुरास बसून लिहीत आहों. येथें मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या चारही भाषा बाजारांत रोज कानीं पडतात, आणि ‘मुसा’ म्हटलें कीं येथील मनुष्यास हजरत मुसा पैगंबरावरून ठेवलेलें, मुसलमान घरांत नित्य आढळणारें नांव प्रथम आठवतें. त्यामुळें ‘मुसाबुसी’ हा बुसी उपनांवाचा कोणी मुसलमान सरदार असावा, असें अनुमान सहज होतें. आरंभीं आम्हींही तेंच केलें होतें. अशा अनुमानास एकदां थारा दिला, कीं पुढील चुका ओळीनें येतात. सूचींत ‘मुसा’ एका ठिकाणीं पडतो व ‘बुसी’ दुसऱ्या ठिकाणीं. एका मनुष्याचे दोन होतात. आणि ख्रिस्ती सेनापति मुसलमान उमरावांच्या यादींत जाऊन बसतो.

सोलापूर प्रांताच्या इतिहासास ही चूक विशेष बाधक आहे. हा मुलूख पुरातन सरहद्दीचा. अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांनीं सोलापूरच्या किल्ल्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या भांडण केलें; राजघराण्यांतील लग्नांत आंदण म्हणूनही त्याचा सौदा झाला. पुढें पेशवे व हैदराबादचा निजाम यांचे मुलूख याच बाजूस एकमेकांस भिडले. पूर्वेकडे भालकी, जेथें १७५२ च्या नोव्हेंबरांत तह झाला. ईशान्येस उदगीर, जेथें १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें. उत्तरेस परांडा व त्यापलीकडे खर्डा, जेथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांची व निजामाची शेवटची मोठी लढाई झाली. भालकीच्या वेळीं निजामाकडे बुसी होता, खर्ड्यास रेमंड होता. म्हणजे या भागाचा अठराव्या शतकाचा इतिहास लिहावयाचा, तर ‘मुसा’ या शब्दाची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं.

आतां शब्दाच्या मूळाकडे वळूं. फ्रेंच भाषेंत ‘मस्यू’ असा उच्चारला जाणारा एक आदरवाचक शब्द आहे. त्याचे दोन अवयव आहेत: ‘माँ’ म्हणजे माझा, व ‘स्यूर’ म्हणजे धनी. हा ‘स्यूर’ आणि जमीनदार-सरंजामदार या अर्थाचा ‘सेन्यर’ हे दोन्ही लॅटिन ‘सीनिअर’ या शब्दापासून निघाले. ‘सीनिअर’ म्हणजे वयानें अधिक, वडील. वडीलपणांतून धनीपणा आणि धनीपणांतून जमिनीवरील स्वामित्व, असा अर्थाचा प्रवास आहे. आपल्याकडे ‘थोरले’ हा शब्द वयावरून निघून गादीच्या मानापर्यंत जातो, त्याच जातीचा हा प्रकार होय. पोर्तुगीजांचा ‘सिन्योर’ व इंग्रजांचा ‘सर’ हेही याच कुळांतले. शाळेंत शिक्षकांस ‘सर’ म्हणणाऱ्या मुलास आपण ‘मुसा’ या शब्दाचा सख्खा चुलत भाऊ उच्चारीत आहों, याची कल्पना नसते.

फ्रान्सांत या शब्दास एके काळीं फार मोठा मान होता. राजाच्या पाठच्या वडील बंधूस, पुढें कांहींही न लावतां, केवळ ‘मस्यू’ म्हणण्याची दरबारी रीत होती. चौदाव्या लुईचा भाऊ फिलिप हा याच एका शब्दानें ओळखला जात असे. परंतु अठराव्या शतकापर्यंत हा मान खालीं झिरपत आला आणि कोणाही सभ्य गृहस्थास हें संबोधन लागूं लागलें. म्हणजे हिंदुस्थानांत फरासीस आले तेव्हां त्यांच्या भाषेंत हा शब्द पदवीचा राहिला नव्हता. तो शिष्टाचाराचा झाला होता. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील एका प्रमादाचें मूळ तिच्या विस्मरणांत आहे.

‘मस्यू’चा ‘मुसा’ कसा झाला? आमच्या मतें येथें दोन लिप्यांचा हात आहे. फारशींत हा शब्द मीम, वाव, सीन, ये, वाव अशा पांच अक्षरांनीं लिहितात. त्यांतील शेवटचा वाव गळाला, कीं राहिलेलीं चार अक्षरें हुबेहूब पैगंबराच्या नांवाचीं होतात. कारण ‘मूसा’ हें नांव लिहितांना शेवटीं ‘ये’च काढतात व वाचतांना ‘आ’ म्हणतात. परक्या शब्दापेक्षां ओळखीचें नांव लेखणींतून लवकर उतरतें, हा अनुभव सर्वांचा आहे. निजामाच्या दरबाराचा व्यवहार फारशींत चाले आणि तेथील मराठी वकील तीच बोली ऐकून पुण्यास लिहीत. मग ती पत्रें मोडींत उतरलीं. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेधही नाहीं. सगळा मजकूर एका लांब रेघेखालीं सलग जातो. तेथें उपपद व आडनांव एकजीव होऊन ‘मुसाबुसी’ असा एकच शब्द तयार झाला. तो बालबोधांत उतरवितांना छापखान्यानें सोडवावयाचा होता. पण बहुधा जसा दिसला तसाच ठेवला, आणि तेंच बरें झालें. सोडविणाऱ्यानें चुकीचा सोडविला असता, तर मूळ रूपही हातचें गेलें असतें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल, कीं लिहिणारा वकील जर स्वतःच ‘मुसा’ हें नांव समजून लिहीत होता, तर आपण त्याच्या डोक्यावर फ्रेंच व्युत्पत्ति लादणारे कोण? आक्षेप योग्य आहे. व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे. शब्द कोठून आला यावरून लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें हें ठरत नाहीं. पण या ठिकाणीं मराठी व दक्षिणी वापरांतच उत्तर मिळतें. बुसी १७५१ मध्यें सलाबतजंगाबरोबर दक्षिणेंत आला व १७५८ मध्यें परत बोलाविला गेला. रेमंडचें नांव गाजलें तें शतकाच्या अखेरीस, आणि २५ मार्च १७९८ रोजीं तो वारला. दोघांचा एकमेकांशीं कुळाचा वा गांवाचा कांहीं संबंध नाहीं. तरी दोघेही ‘मुसा’. शिवाय हा शब्द फरासीसांस लागतो, इंग्रजांस लागत नाहीं. इंग्रज वकिलास ‘मिस्तर’ किंवा ‘साहेब’ लागतें. व्यक्तीचें नांव असें जातीनें वांटून दिलें जात नाहीं. एका राष्ट्राच्या सर्व प्रतिष्ठित माणसांस लागणारा व दुसऱ्या राष्ट्राच्या माणसांस न लागणारा शब्द हा उपपदच असला पाहिजे. वकिलास त्याची व्युत्पत्ति ठाऊक नसेल. त्याचा उपयोग त्यास बरोबर ठाऊक होता.

पहिला प्रमाद हा असा, कीं उपपदास नांव समजणें. त्याचा परिणाम केवळ सूचीपुरता राहत नाहीं. १७५१ च्या नोव्हेंबरांत चंद्रग्रहणाच्या रात्रीं बुसीनें पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. तो घालणारा ‘मुसा’ नांवाचा मुसलमान समजला, तर ग्रहणाच्या पर्वणींत घातलेला तो छापा धर्मद्वेषाचें उदाहरण म्हणून सांगितला जाण्यास वेळ लागत नाहीं. वस्तुतः तो कवायती पायदळ व चपळ तोफखाना हाताशीं असलेल्या एका परदेशी सेनानीनें साधलेला लष्करी डाव होता. उलट उदगिरास पेशव्यांच्या बाजूनें तोफखाना चालविणारा इब्राहिमखान गारदी हा खरोखरच मुसलमान, आणि तोही बुसीच्याच तालमींत तयार झालेला. ‘गारदी’ हा शब्दही ‘गार्द’ म्हणजे पहारा या फ्रेंच शब्दाशीं जोडला जातो. तेव्हां या लढायांत कोण कोणत्या धर्माचा होता यापेक्षां कोण कोणाच्या कवायतींत शिकला होता, हाच प्रश्न अधिक उपयोगी; आणि ‘मुसा’ हा शब्द नीट वाचला तर तो याच प्रश्नाकडे बोट दाखवितो.

दुसरा प्रमाद याच्या उलट टोंकाचा आहे, आणि तो थोडेंबहुत फ्रेंच शिकलेल्यांच्या हातून होतो. ‘मुसा’चें मूळ ‘माझा धनी’ असें कळलें, कीं ते लगेच त्याचें भाषांतर ‘उमराव’ किंवा ‘सरदार’ असें करतात व त्या मनुष्यास फ्रान्सांतील कुलीन घराण्यांत नेऊन बसवितात. रेमंड हा गॅस्कनी प्रांतांतील एका व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या ‘मुसा’पणावरून त्याच्या कुळाविषयीं कांहींही सिद्ध होत नाहीं. एवढेंच नव्हे, १७९२ पासून फ्रान्सांतील क्रांतिकारकांनीं ‘मस्यू’ हा शब्द सरंजामी म्हणून टाकून दिला व त्याच्या जागीं ‘नागरिक’ या अर्थाचा शब्द आणला. खर्ड्याची लढाई त्यानंतर तीन वर्षांनीं झाली. रेमंडच्या पलटणी फरासीस प्रजासत्ताकाचें निशाण मिरवीत होत्या. म्हणजे ज्या शब्दास पॅरिसांत बंदी होती, तोच शब्द त्या निशाणाखालीं उभ्या असलेल्या सेनापतीस निजामाच्या छावणींत सन्मानानें लागत होता. त्यावरून उमरावगिरीचें अनुमान काढणें म्हणजे काळाचा क्रमच उलटा करणें होय.

तिसरा प्रमाद खऱ्या पदव्यांच्या बाबतींत होतो. फ्रेंचांत ‘मार्की’ म्हणून एक मोठी पदवी आहे. इंग्रजींत तिचें ‘मार्क्विस’ झालें. ‘मार्श’ म्हणजे सरहद्द, व मार्की म्हणजे मूळचा सरहद्दीच्या मुलुखाचा रक्षक. मराठींत तिला कोणी ‘महाराज’ म्हणतात, कोणी ‘राजे’. मूळ अर्थानें पाहिलें तर सोलापूर, नळदुर्ग, परांडा अशा ठाण्यांच्या किल्लेदारास ती पदवी अधिक शोभली असती. पण मूळ अर्थ तरी कोठें टिकला? डुप्ले यास फ्रान्सच्या राजानें १७५२ मध्यें मार्की केलें, तेव्हां त्याच्याकडे कोणती फ्रेंच सरहद्द नव्हती. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला, त्या वेळचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज हा मार्क्विसच. त्याच्या पदवींतही सरहद्दीचा मागमूस उरला नव्हता. म्हणून अशा पदव्यांचें मराठींत भाषांतर करूं नये. त्या जशाच्या तशा ठेवाव्या व केव्हां मिळाल्या तें सांगावें.

हें ‘केव्हां’ फार महत्त्वाचें आहे. महादजी शिंद्यांच्या कंपूंचा निर्माता डी बॉइन याचा उल्लेख आपल्या लेखनांत पुष्कळदां ‘काउंट डी बॉइन’ असा होतो. ‘काउंट’चें फ्रेंच रूप ‘काँत’. त्याचें मूळ लॅटिन ‘कोमेस’, म्हणजे सोबती. अरबी ‘साहिब’ याचाही मूळ अर्थ सोबती असाच आहे. राजाचा सोबती तो मोठा माणूस, ही कल्पना दोन्हीकडे सारखी. पण डी बॉइन यास ही पदवी सार्डिनियाच्या राजानें दिली, ती तो १७९५ मध्यें शिंद्यांची चाकरी सोडून स्वदेशीं परतल्यानंतर. १७९० मध्यें पाटण व मेडता येथें लढणारा मनुष्य काउंट नव्हता. त्याचें त्या वेळचें मोठेपण महादजींनीं दिलेल्या कंपूंत व त्यांच्या खर्चासाठीं लावून दिलेल्या जहागिरींत होतें. नंतरची युरोपीय पदवी मागें नेऊन लावली, कीं असें वाटूं लागतें कीं एक कुलीन युरोपीय उमराव शिंद्यांस उपकृत करण्यास आला. खरा प्रकार असा, कीं एका शिपाईगड्यास शिंद्यांनीं वाढविलें आणि त्या संपत्तीच्या बळावर तो पुढें स्वदेशीं काउंट झाला. एका शब्दाच्या जागेमुळें उपकाराची दिशाच बदलते.

बुसीच्या बाबतींतही हेंच. दक्षिणेंत त्याचें वजन पडलें तें ‘मुसा’ म्हणून नव्हे, किंवा पुढें त्याच्या नांवामागें लागलेल्या ‘मार्की’मुळेंही नव्हे. सलाबतजंगाच्या दरबारीं त्यास ‘गजनफरजंग’, ‘उम्दतुल्मुल्क’ असे मोंगली किताब होते, आणि १७५३ मध्यें त्याच्या फौजेच्या खर्चासाठीं समुद्रकांठचे उत्तर सरकार प्रांत लावून दिले गेले होते. डुप्ले यासही ‘जफरजंग’ हा किताब होता. दर्जा शोधावयाचा तर तो किताबांत व सरंजामांत शोधावा. ‘मुसा’ एवढेंच सांगतो, कीं हा मनुष्य फरासीस आहे व त्याचा उल्लेख मानानें करावयाचा आहे. यापेक्षां अधिक त्याच्या तोंडीं घालूं नये.

या शब्दाचा शेवट हैदराबादेस पाहावयास सापडतो. रेमंडची कबर तेथें सरूरनगरच्या बाजूस टेंकडीवर आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीं, १७९८ च्या ऑक्टोबरांत, इंग्रजांनीं त्याची फौज मोडविली. पण लोकांनीं त्याचें नांव मोडूं दिलें नाहीं. हिंदू त्यास ‘मूसा राम’ म्हणूं लागले व मुसलमान ‘मूसा रहीम’. मूसारामबाग ही वस्ती त्याच नांवाची असून आज तेथील मेट्रो रेल्वेच्या स्थानकासही तेंच नांव आहे. या नांवांत उपपदाचें नांव झालें व आडनांवाचा देव झाला. त्या मनुष्याचें स्वतःचें नांव मात्र त्यांत कोठेंच नाहीं. लोकांच्या जिभेवर जें झालें तें दोष म्हणून आम्ही सांगत नाहीं. परक्या सेनापतीस दोन्ही समाजांनीं आपापल्या देवाचें नांव दिलें, यांत त्यांचें प्रेम दिसतें. पण लोकांस जें शोभतें तें संशोधकास शोभत नाहीं. त्यानें राम कोठून आला हें सांगितलें पाहिजे.

मात्र हें कळल्यावर जेथें जेथें ‘मुसा’ दिसेल तेथें तेथें फरासीस पाहण्याचा मोहही आवरला पाहिजे. हैदराबादेची मुसी नदी मुसा व ईसा या दोन ओढ्यांच्या संगमानें झाली आहे. रेमंडशीं तिचा संबंध जोडणें हास्यास्पद होईल. कागदांत ‘मुसा’पुढें खान, बेग, मिया असें कांहीं आलें, किंवा बापाचें नांव आलें, तर तो बहुधा खराच मुसा समजावा. पुढें परकें आडनांव असेल आणि भोंवतालीं पलटण, तोफा, गारदी, फुलचरी यांचा मजकूर असेल, तर तें उपपद समजावें. आडनांव नसून केवळ ‘मुसा’ असेल, तर पत्राचा काळ निश्चित झाल्यावांचून तो बुसी कीं रेमंड हें ठरवूं नये. आणि काळ ठरल्यावरही त्या वेळीं निजामाकडे दुसरे फरासीस होते हें विसरूं नये.

हा दोष आपलाच आहे असेंही नाहीं. पानिपतावर लिहिणाऱ्या इंग्रजांनीं सदाशिवरावांस ‘भाऊ’ म्हणून घरांत हांक मारीत, त्या नात्याच्या शब्दालाच नांव समजून आपल्या ग्रंथांत चालविलें. उलट कार्ल्याजवळ १७७९ च्या जानेवारींत पडलेल्या कप्तान स्टुअर्टास मराठ्यांनीं ‘इष्टूर फाकडा’ केलें. तेथें ‘इष्टूर’ हें आडनांव व ‘फाकडा’ हा शत्रूच्या शौर्यास मराठ्यांनीं आपल्या खजिन्यांतून दिलेला किताब. मुसा, भाऊ, इष्टूर हे तिन्ही शब्द वरवर सारखेच दिसतात, पण त्यांपैकीं एक शिष्टाचार, एक नातें व एक आडनांव आहे. तिहींस एकाच खणांत टाकणारी सूची निरुपयोगी होय.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. मूळ कागद छापतांना ‘मुसाबुसी’ हें रूप जसेंच्या तसें ठेवावें. त्यास शुद्ध करण्याच्या भरीस पडूं नये. सूचींत मात्र मनुष्य आडनांवाखालीं घालावा व ‘मुसा’कडून तिकडे निर्देश द्यावा. भाषांतरांत ‘सरदार’, ‘उमराव’, ‘महाराज’ असे शब्द स्वतःच्या पदरचे घालूं नयेत. युरोपीय पदवी ज्या वर्षीं मिळाली त्यापूर्वींच्या प्रसंगांत ती लावूं नये. एवढें पथ्य पाळलें तर सोलापूर-परांडा-खर्डा या टापूंतील लढायांचीं वर्णनें पुन्हां वाचतांना कांहीं मुसलमान सरदार यादींतून नाहींसे होतील, कांहीं फरासीस उमराव साधे शिपाई ठरतील, आणि ज्यांनीं त्यांस पोसलें, शिकविलें किंवा त्यांच्याकडून शिकून घेतलें, ते दक्षिणेंतले लोक आपल्या योग्य जागीं दिसूं लागतील. मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या संग्रहांतील कागद या दृष्टीनें एकवार तपासून पाहावे, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.